गाडी दारात आहे, पण रक्त कुठे आहे?

“मॅडम, तुम्ही काळजी करू नका. काही झालंच तर गाडी दारात उभी आहे. तासाभरात मोठ्या दवाखान्यात पोचवू.”

तालुक्याच्या गावी बाळंतपणं करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की बोलणाऱ्याने पहिला शब्द उच्चारला तरी पुढचं सगळं मला कळतं. कधी सासूबाई म्हणतात, कधी नवरा, कधी माहेरचा भाऊ. बोलतात ते मायेपोटीच, पण त्या मायेने हिशेब चुकतो. मागच्या खेपेला जिच्या जिवावर बेतलं होतं, तिच्यासाठी हा सगळ्यात धोकादायक गैरसमज आहे.

यंदा श्रावणात अशीच एक मुलगी आली. तिसरा महिना, दुसरी खेप. मी मागच्या बाळंतपणाचे कागद मागितले. सासूबाईंनी साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी उघडली आणि चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात दिलं. घडीवरची शाई फिकी झाली होती आणि महत्त्वाची ओळ नेमकी तिथेच होती : वार अडकली, हाताने काढली, अति रक्तस्राव, रक्ताच्या तीन पिशव्या दिल्या. त्या पिशव्या तिच्या नवऱ्याने रात्री मोटरसायकलवरून जिल्ह्याच्या गावाहून आणल्या होत्या.

“या वेळी नाव कुठे घालणार?” मी विचारलं.

“तिथेच की. घराजवळ आहे, ओळखीचं आहे. मागच्या खेपेला वाचली ना तिथे? आणि काही झालंच तर...”

आता ‘काही झालंच तर’ म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त जात असतं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय घट्ट आवळतं आणि त्याचे स्नायू उघड्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. ते आवळलं नाही किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर रक्त वाहतच राहतं. किरकोळ अंगाच्या बाईच्या शरीरात गरोदरपणात वाढलेलं धरूनही रक्त असतं चार लिटरांच्या आसपास. त्यातच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींची शिल्लक मुळातच कमी.

उपचार मिळालेच नाहीत तर हाताशी किती वेळ असतो, याचे अंदाज मातामृत्यूंच्या अभ्यासकांनी मांडले आहेत. बाळंतपणातल्या जंतुसंसर्गात साधारण सहा दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस, गरोदरपणातल्या झटक्यांत दोन दिवस, बाळंतपणाआधीच्या रक्तस्रावात बारा तास आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात दोन तास. ही सरासरी आहे. काहींना तेवढाही वेळ मिळत नाही.

या दोन तासांत गाडी कुठे बसते? सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले. पहिला, धोका ओळखून निर्णय घ्यायला लागणारा. दुसरा, दवाखान्यात पोचायला लागणारा. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा. दारातली गाडी यातला फक्त दुसरा उशीर कमी करते, आणि तोही थोडाच. पहिला आणि तिसरा जागच्या जागी राहतात.

पहिला उशीर कसा होतो ते मी अनेकदा पाहिलं आहे. रक्त चादरीत मुरतं, कपड्यांत मुरतं, फरशीवर पसरतं. नजरेने अंदाज घेतला की तो जवळजवळ नेहमी कमीच येतो. बाई बोलत असते, पाणी मागते, म्हणून सगळे म्हणतात, “होईल बंद.” अशी पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणूनच रक्त मोजण्याला महत्त्व आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर त्या भागातल्या १६२० स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं होतं. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांच्या चाचणीत अशाच पिशवीने रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे प्राथमिक उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत वापरली. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०२३ चे आहेत.

तिसऱ्या उशिराचा तर कोणी विचारच करत नाही. गाडी मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचली म्हणजे उपचार सुरू झाले, असं नसतं. तिथे केसपेपर निघतो, रक्तगट तपासतात, जुळणी करतात. त्या जुळणीलाच पाऊण तास लागू शकतो. मध्यरात्र असेल तर भूलतज्ज्ञांना घरून बोलवावं लागतं. इथे मिनिटांना किती किंमत असते ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या साध्या, स्वस्त औषधावरून कळतं. २१ देशांतल्या २० हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, ते तीन तासांच्या आत दिल्यावर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. पण दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असं पुढच्या विश्लेषणात दिसलं. चाळीस किलोमीटरचा पावसाळी रस्ता आठवा आणि हिशेब करा.

“पण परत तसंच होईल कशावरून?” प्रश्न रास्त आहे. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्या बाळंतपणात अति रक्तस्राव झालेल्यांपैकी १५ टक्के जणींना दुसऱ्या वेळीही तो झाला. आधी न झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे सातातल्या सहा जणी सुखरूप घरी येतात आणि ‘काही झालं नाही बघा’ ही गोष्ट गावभर सांगितली जाते. गैरसमज जिवंत राहतो तो या सहा जणींमुळे. दवाखाना निवडायचा तो सातवीसाठी, आणि सातवी कोण हे आधी कोणालाच माहीत नसतं.

मग निवडायचं कशावरून? मागच्या खेपेला काय बिघडलं होतं, त्यावरून. रक्तस्राव झाला असेल किंवा वार अडकली असेल, तर विचारा : माझ्या गटाचं रक्त याच आवारात आहे का, की नातेवाइकांनी आणायचं? रात्री दोन वाजता भूल द्यायला कोण असतं, किती मिनिटांत येतं? गरज पडली तर पोट उघडून शस्त्रक्रिया इथेच होईल का? बाळंतपणानंतर रक्त मोजता का?

मागचं सिझेरियन असेल, तर या वेळची वार कुठे आहे ते सोनोग्राफीत नीट बघून घ्या. वार खाली, जुन्या टाक्यांवर बसली असेल, तर ती गर्भाशयात रुतलेली असू शकते. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा खाली बसलेल्या वारेच्या बाबतीत ही शक्यता एका सिझेरियननंतर ११ टक्के आणि दोन सिझेरियननंतर ४० टक्के आढळली. अशा बाळंतपणाला भरपूर रक्त, अनुभवी सर्जन आणि अतिदक्षता विभाग लागतो. ते मेडिकल कॉलेज किंवा तेवढ्याच तयारीच्या रुग्णालयातच व्हायला हवं.

मागच्या वेळी बीपी वाढून झटके आले असतील, तर आईसाठी अतिदक्षतेची सोय बघा. बाळ फार लवकर झालं असेल, तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग (एनआयसीयू) बघा. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष (एसएनसीयू) असतो. पण बत्तीस आठवड्यांच्या आतलं बाळ येण्याची शक्यता असेल, तर त्याहून वरच्या दर्जाची सोय लागते. चिमुकलं बाळ काचेच्या पेटीत घालून गावोगाव फिरवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच योग्य ठिकाणी पोचवणं कितीतरी सुरक्षित.

हे प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. लहान नर्सिंग होममध्ये हजारो बाळंतपणं उत्तम होतात. आणि “ही केस माझ्याकडे नको, पुढे जा” असं तिसऱ्या महिन्यातच सांगणारा डॉक्टर तुमचा हितचिंतक आहे, हे लक्षात ठेवा.

आता वारंवार कानावर पडणारे आणखी काही गैरसमज.

गैरसमज : रक्तगट जुळणारा भाऊ सोबत आहे, म्हणजे रक्ताची सोय झाली.
वस्तुस्थिती : दिलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस व मलेरियासाठी तपासल्याशिवाय चढवता येत नाही, भावाने ते आधीच रक्तपेढीत द्यावं.

गैरसमज : एकदा सिझेरियन, म्हणजे कायम सिझेरियन.
वस्तुस्थिती : न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये हे म्हटलं, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत असत. आजच्या आडव्या छेदानंतर प्रयत्न करणाऱ्या चारांतल्या जवळपास तिघींचं बाळंतपण नैसर्गिक होतं. पण दोनशेत साधारण एकीचे टाके उसवतात, म्हणून तो प्रयत्न तातडीचं सिझेरियन होऊ शकतं तिथेच करावा.

गैरसमज : इमारत मोठी, बिल मोठं, म्हणजे सोय मोठी.
वस्तुस्थिती : लिफ्ट आणि एसीने रक्तस्राव थांबत नाही, वरचे प्रश्न तिथेही विचारा.

गैरसमज : त्या डॉक्टरांना हातगुण आहे.
वस्तुस्थिती : कितीही कुशल हात असला, तरी रक्ताची पिशवी आणि भूलतज्ज्ञ नसतील तर तो अडतोच.

गैरसमज : सातव्या महिन्यात माहेरी गेल्यावर दवाखाना बघू.
वस्तुस्थिती : आधी बीपीचा गंभीर त्रास झालेल्यांना ॲस्पिरिनची छोटी गोळी बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. सातव्या महिन्यात ती संधी निघून गेलेली असते.

गैरसमज : सरकारी दवाखाना म्हणजे नाइलाज.
वस्तुस्थिती : आवारात रक्तपेढी आणि रात्रभर भूलतज्ज्ञ सरकारी मेडिकल कॉलेजात असतात, ते अनेक खासगी ठिकाणी नसतात. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे.

गैरसमज : कार्डावर लाल स्टिकर लावला, म्हणजे अपशकुन.
वस्तुस्थिती : दर महिन्याच्या ९ तारखेच्या सरकारी तपासणीत तो जोखमीची गरोदर ओळखायला लावतात, त्यामुळे तुमच्याकडे आधी लक्ष जातं.

त्या दुपारी सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कार्डाची घडी घालत विचारलं, “म्हणजे गाडीचा काहीच उपयोग नाही?”

उपयोग आहे, खूप आहे. पण ती कळांच्या आधी निघायला हवी. दिवस भरायच्या दोन-तीन आठवडे आधी जोखमीच्या बाईने निवडलेल्या रुग्णालयाजवळ मुक्कामाला जावं. नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ शासनाने ‘माहेरघर’ उभारलं, ते याच विचाराने.

सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. जिल्ह्याच्या गावी त्यांची लेक राहते, रुग्णालयापासून दोन चौक अलीकडे.

“माघ लागला की हिला तिथे नेऊन सोडते,” त्या म्हणाल्या. “आणि तिचा भाऊ रक्त कधी देऊन येऊ दे, ते तेवढं लिहून द्या.”