निवडक सतरा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

कॉलेजात असताना एका मित्राकडून मी इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट घरी आणली होती. वीज आहे तोवर ऐकून घ्यावी म्हणून ऐन जेवणाच्या वेळी टेपरेकॉर्डर लावला. पहिल्याच गाण्यात आधी नुसते आवाज, मग पियानो, मग एक दुःखी चाल, आणि मध्येच संगीत नाटकात चालावा तसा आवाजांचा गदारोळ. त्या गदारोळात एक शब्द स्वच्छ ऐकू आला, 'बिस्मिल्ला'. ताटावर बसलेल्या अब्बांनी मान वर केली आणि म्हणाले, "बिस्मिल्ला तो कर लिया उसने, खाना कब खाएगा?"

घरात हशा पिकला. कॅसेट मात्र मी पुढे परत केलीच नाही.

ती 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडची कॅसेट होती. नाव 'ग्रेटेस्ट हिट्स'. बिस्मिल्ला म्हणणारा गायक फ्रेडी मर्क्युरी. हे नाव त्यानं स्वतः निवडलेलं. जन्माचं नाव फारोख बल्सारा. तो १९४६ मध्ये झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मला आणि लहानपणीच शिकायला आपल्या पाचगणीला आला. आमच्या साताऱ्याकडून वाईला जाऊन पसरणीचा घाट चढलं, की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो वाढला, पियानो शिकला, आणि मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढून शाळेच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. 'फ्रेडी' हे नाव त्याला इथेच पडलं. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्यानं क्वीनची सुरुवात केली. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली.

१९८१ च्या अखेरीस त्यांचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा अल्बम निघाला. त्यात नवीन गाणं एकही नव्हतं. तरी ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम हाच आहे. विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून ७० लाखांचा आकडा ओलांडणारा तो तिथला पहिला अल्बम ठरला, २०२२ मध्ये. जुन्याच मालाला एवढं गिऱ्हाईक कसं मिळालं, हे समजून घ्यायचं तर त्या काळचा रेकॉर्डचा धंदा थोडा पाहावा लागतो.

तेव्हा गाणी दोन प्रकारे विकली जात. एक मोठी रेकॉर्ड, म्हणजे एलपी. दुसरी छोटी, जिला सिंगल म्हणत. सिंगलच्या दर्शनी बाजूला जे गाणं चालावं असं कंपनीला वाटे ते, आणि पाठीमागच्या बाजूला आणखी एखादं. दर आठवड्याला खपाची यादी लागे. यादीत वर गेलं ते गाणं 'हिट'. रेडिओवर तेच वाजे, पोरांच्या तोंडी तेच बसे. पण एका बँडची अशी गाणी सात-आठ वेगवेगळ्या एलपींवर विखुरलेली असत, आणि सगळ्या विकत घेणं सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नसे. ती गाणी एकाच रेकॉर्डवर दिली, की काम भागलं. क्वीनच्या ब्रिटिश आवृत्तीत अशी सतरा गाणी आहेत. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं बसतात. इथे दोन्ही बाजू मिळून जवळजवळ तासभराचं संगीत बसवलं आहे. एसटीत शेवटच्या गाडीला बसवतात तसं.

पण बसवायचं कोणाला आणि उतरवायचं कोणाला?

क्वीनचं पहिलं सिंगल १९७३ चं. ते ब्रिटनमध्ये चाललं नव्हतं. ते या सतरांत नाही. डेव्हिड बोवीबरोबर केलेलं 'अंडर प्रेशर' याच सुमारास बाजारात आलं आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही या सतरांत नाही. अमेरिकेतली आवृत्ती मात्र चौदा गाण्यांची. तिच्यात ही दोन्ही आहेत. ब्रिटिश आवृत्ती सुरू होते 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'नं, आणि अमेरिकन आवृत्ती 'अनदर वन बाइट्स द डस्ट'नं, कारण १९८० मध्ये अमेरिकेत ते अव्वल ठरलं होतं. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' आज जगभर लग्नसमारंभात वाजतं, पण तेव्हा अमेरिकेत ते पडलं होतं, म्हणून तिथल्या आवृत्तीत त्याला जागा नव्हती. बँड एकच, वर्ष एकच आणि शीर्षकही एकच, पण 'सर्वोत्तम' काय ते दोन देशांत वेगळं निघालं.

आता ही सतरा गाणी कोणाची, ते पाहू. दहा फ्रेडीची, पाच मे यांची, दोन डीकनची. रॉजर टेलरचं एकही नाही. म्हणजे निव्वळ ही रेकॉर्ड ऐकणाऱ्याला वाटेल, की हा गडी नुसता ड्रम वाजवत होता. आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त जे आवाज एकमेकांवर चढतात, ती दहा-वीस माणसं नाहीतच. फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन, टेपवर थरावर थर चढवून तो मेळा उभा केला आहे. त्यातला सगळ्यात उंच, काच तडकेल असा सूर टेलरचा. गाणं फ्रेडीच्या नावावर आहे, पण त्याचा कळस टेलरच्या गळ्यातून आलेला आहे.

याच गाण्याची आणखी एक गोष्ट. १९७५ मध्ये त्याचं सिंगल निघालं तेव्हा पाठीमागच्या बाजूला टेलरचं एक गाणं होतं, आपल्या मोटारीवर प्रेम करणाऱ्या माणसाचं. लोक रेकॉर्ड घ्यायचे ती पुढच्या गाण्यासाठी, पण रेकॉर्ड तर अखंडच विकली जाते. त्यामुळे मागच्या गाण्याच्या कर्त्यालाही मानधन पुढच्याइतकंच मिळालं. सिंगल नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. यावरून बँडमध्ये धुसफूस झाली. पुढे १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी ठरवलं, की गाणं कोणीही लिहो, नाव चौघांचं, म्हणजे 'क्वीन'चं लागेल. तेव्हा कुठे तो वाद मिटला. टेलरनं लिहिलेलं 'रेडिओ गागा' दुसऱ्या भागात आलं. तो दुसरा 'ग्रेटेस्ट हिट्स' निघाला ऑक्टोबर १९९१ मध्ये. त्यानंतर महिन्याच्या आत, २४ नोव्हेंबरला, फ्रेडी एड्सनं गेला. वय पंचेचाळीस. पारशी धर्मगुरूंनी त्याचे अंत्यविधी केले. ज्या फारोखला बहुतेक श्रोते ओळखत नव्हते, तो त्या दिवशी पुन्हा दिसला.

पण निवडीची खरी गंमत २००४ मध्ये झाली. इराणमध्ये पाश्चात्त्य रॉकवर निर्बंध होते. त्या वर्षी तिथे क्वीनच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची कॅसेट सरकारी परवानगीनं बाजारात आली. अशी परवानगी मिळालेला हा पहिला रॉक बँड. प्रेमगीतं वगळली होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ठेवलं होतं, आणि सोबतच्या पत्रकात त्याचा अर्थ फारसीत सांगितला होता. हातून खून झालेला तरुण, सैतानाला विकलेला आत्मा, आणि फाशीच्या आदल्या रात्री 'बिस्मिल्ला' म्हणून देवाचा धावा करून तो आत्मा सोडवणं, असा तो अर्थ. फ्रेडीनं त्या गाण्याचा अर्थ स्वतः कधी उलगडून सांगितला नव्हता. पत्रक लिहिणाऱ्यांनी तो आपल्या सोयीनं लावला. अब्बांनी त्यात जेवण शोधलं, त्यांनी तौबा शोधली. शेकडो वर्षांपूर्वी पारशांचे पूर्वज इराणमधून गुजरातच्या किनाऱ्यावर आले. त्यांच्यातल्या एकाचा आवाज त्याच मुलुखात परत गेला, पण गाळून गेला.

हे सगळं आज सांगायला एक घरगुती निमित्त आहे. माझ्या निवडक कवितांचं पुस्तक काढायचं म्हणून एका प्रकाशकानं साठ कविता मागितल्या. मी यादी पाठवली. त्यांचा फोन आला. "सर, ती ईद-दिवाळीची कविता यात नाही!" ही माझी 'हिट' कविता. शीरखुर्म्याच्या वाटीवर फराळाचं ताट पालथं घालणारी. कविसंमेलनात मी उभा राहिलो, की मागून फर्माईश येते ती तिचीच. पाळी चुकल्यावर रात्रभर पाटाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यावर मी लिहिलेली कविता मला स्वतःला त्याहून बरी वाटते. ती तीस वर्षांत कोणी मागितली नाही. लोक माझ्याकडून सलोखा मागतात, पाणी मागत नाहीत. माझ्या नावाच्या माणसानं काय लिहावं, हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

मला राग येत असे. आता तेवढा येत नाही. ती कविता खोटी नाही, माझीच आहे. आणि तिच्यामुळेच लोक मला बोलावतात, हेही खरं. हिट गाणं हा एक दरवाजा असतो. ७० लाखांमधले कितीतरी जण त्या सतरा गाण्यांवरून आत शिरले आणि मग मूळ अल्बम शोधत गेले असतील. मीही तसाच गेलो. पण दरवाजालाच घर समजू नये, एवढंच.

प्रकाशकांना मी कळवलं आहे, की ईद-दिवाळीची कविता घ्या, हरकत नाही. पण त्याच पानाच्या पाठीमागे पाटाच्या पाण्याची कविता छापा. एक कागद, दोन बाजू. पुढची वाचायला जो पुस्तक घेईल, त्याच्या घरी मागचीही आपोआप जाईल.

त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.