एक पाऊल पुढे

कौन्सिल ऑफ युरोप या, युरोपीय संघाहून निराळ्या आणि १९४९ पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये ‘कंपास’ ही मानवी हक्क शिक्षणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील ‘एक पाऊल पुढे’ ही कृती शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांत आता इतकी रुळली आहे की, दोन व्याख्यानांमधला विरंगुळा म्हणून ती उरकून टाकली जाण्याचा धोका आहे.

कृतीला लागते ती मोकळी जागा आणि चिठ्ठ्या. प्रत्येक शिक्षकाला एक चिठ्ठी मिळते आणि तिच्यावर एका व्यक्तीची ओळख एका ओळीत दिलेली असते: बेरोजगार एकल माता, बँक व्यवस्थापकाची मुलगी, रोमा या युरोपातील अल्पसंख्य समाजातली, प्राथमिक शाळाही पुरी न केलेली सतरा वर्षांची मुलगी, कागदपत्रांविना राहणारा स्थलांतरित. या भूमिका स्थानिक परिस्थितीनुसार बदलाव्यात, अशी मुभा मार्गदर्शिकाच देते; महाराष्ट्रात हीच कृती घेताना ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलीची चिठ्ठी तिच्यात नसेल, तर ती कृती उसनीच राहील. चिठ्ठी कोणाला दाखवायची नसते. सुलभक, म्हणजे स्वतः व्याख्यान न देता चर्चा पुढे नेणारा प्रशिक्षक, त्या व्यक्तीचे बालपण, घर, दिनक्रम आणि भीती यांविषयी प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरे मनातल्या मनात द्यायची असतात. मग सारे एका रांगेत उभे राहतात आणि सुलभक एकेक विधान वाचतो. पैशाची गंभीर अडचण कधी आली नाही, पोलीस अडवतील अशी धास्ती वाटत नाही, वर्षातून एकदा सुटीला बाहेर जाता येते. विधान आपल्या भूमिकेला लागू पडत असेल त्याने एक पाऊल पुढे टाकायचे, नसेल त्याने जागेवरच थांबायचे.

दोन-चार विधानांतच रांग मोडते. मागे राहिलेल्यांना इतरांच्या पाठी दिसत असतात, पुढे गेलेल्यांना मात्र समोरची भिंतच दिसते आणि मागे वळायला सांगेपर्यंत अंतर किती पडले याचा त्यांना पत्ता नसतो. त्याहून बोलके असते ते अर्धवट उचललेले पाऊल. शाळा तर सर्वांना खुली आहे असे मानून रोमा मुलीच्या वतीने पुढे सरकणारा शिक्षक त्या मुलीबद्दल नव्हे, स्वतःच्या समजुतीबद्दल काही सांगत असतो, आणि नवखा सुलभक नेमके तेच टिपायचे विसरतो.

खरे काम त्यानंतरच्या चर्चेत असते. या व्यक्तीचे चित्र तुमच्या मनात कोठून आले, ओळखीतून, वर्तमानपत्रातून की चित्रपटातून, या प्रश्नावर सभागृह अडखळते, कारण साचेबद्ध प्रतिमा, म्हणजे एखाद्या समूहाविषयी न तपासता स्वीकारलेले चित्र, तेथे प्रत्येकाच्या हाती स्वतःचीच लागते. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने १९६८ मध्ये डोळ्यांच्या रंगावरून विद्यार्थ्यांचे गट पाडून भेदभाव प्रत्यक्ष सोसायला लावला होता. त्या मानाने उसन्या भूमिकेची ही पद्धत सौम्य आहे, पण म्हणूनच तिच्यातून हळहळ व्यक्त करून निसटणेही सोपे आहे. शिवाय जिचे आयुष्य चिठ्ठीवर उतरले आहे अशी व्यक्ती सभागृहातच बसलेली असू शकते, याचा विचार चिठ्ठ्या लिहितानाच करावा लागतो.

हळहळ अपुरी का, हे चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहराच्या प्रकरणात दिसते. तेथील अठरा रोमा मुलांना बौद्धिकदृष्ट्या मागास मुलांसाठीच्या विशेष शाळांत घातले गेले होते, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी १३ विरुद्ध ४ मतांनी हा भेदभाव ठरवला. असे ठरवण्यासाठी कोणाच्या मनात द्वेष होता हे सिद्ध करावे लागले नाही. वरकरणी सर्वांना सारखाच लागू असलेला नियम एका समूहालाच अधिक जाचत असेल, तर त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. चाचण्या होत्या, मुख्याध्यापकांचे निर्णय होते, पालकांच्या सह्याही होत्या. अशा प्रकरणावर शिक्षकांना बसवले की चर्चा भावनांवरून कार्यपद्धतीवर येते: चाचणी कोणत्या मुलांना समोर ठेवून बेतली होती, निकाल पालकांना कोणी समजावला, आणि आधीच भरून ठेवलेल्या ज्या अर्जावर सही घेतली त्यात दुसऱ्या पर्यायाचा उल्लेख का नव्हता.