गावाची ओळख सांगणारी वास्तू

मनुष्य जसा चेहऱ्यावरून ओळखू येतो, तसे शहर त्याच्या मोजक्या वास्तूंवरून ओळखू येते. राजवाडा सत्तेची आठवण देतो, देऊळ श्रद्धेची. परंतु आपण कोण होतो आणि आपल्यापाशी जपण्याजोगे काय आहे, हे सांगण्यासाठीच जी वास्तू उभारली जाते ती वस्तुसंग्रहालयाची. म्हणून संग्रहालयात काय मांडले आहे याइतकाच, ते कसल्या घरात मांडले आहे हा प्रश्नही आम्हांस महत्त्वाचा वाटतो. भरवेलीसारख्या खाणीच्या गावाला तर तो अगदी जवळचा आहे.

आपल्या भागातील जुन्या मराठी कुटुंबांत ‘वस्तुसंग्रहालय’ हा शब्द फारसा कोणी वापरीत नसे. शब्द होता ‘अजब बंगला’. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. भोसल्यांची राजधानी आता इंग्रजी प्रांताची राजधानी झाली होती, आणि प्रांताच्या भूमीत काय काय आहे याची मोजदाद नव्या राज्यकर्त्यांना हवी होती. लोकांनी मात्र सरकारी नाव बाजूस ठेवून त्याला आपले नाव दिले. बंगला हे एरवी साहेबाचे घर. हा एकच बंगला असा, की ज्यात कोणीही शिरावे आणि नवलाच्या वस्तू पाहून यावे. ज्या वास्तूला लोक स्वतःचे नाव देतात, ती शहराच्या अंगाला चिकटते.

मुंबईची गोष्ट निराळी. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या हस्ते ज्या इमारतीची कोनशिला बसली, ती त्यांच्या भेटीचे स्मारक म्हणून कल्पिलेली होती. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी मात्र लंडनचा नमुना मुंबईत आणून ठेवला नाही. कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड त्यांनी वापरला. घुमटासाठी विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिले. आणि नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानींचा मंडप आतल्या दालनात बसविला. इमारत १९१४ मध्ये पुरी झाली, पण महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय १९२२ साली उघडले. १९९८ मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हे नाव जाऊन ‘छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय’ हे नाव आले. नाव बदलले तरी वास्तू परकी वाटली नाही. आमच्या मते याचे कारण तिच्या दगडांत आणि लाकडांत आहे. जिच्या अंगी मुळातच येथील माती होती, तिला येथील नाव शोभून दिसले.

आता आपल्या राजधानीकडे वळू. भोपाळचे भारत भवन फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झाले. चार्ल्स कोरिया यांनी ते मोठ्या तलावाच्या उतारावर असे बसविले, की रस्त्यावरून पाहणाऱ्याला इमारत जवळजवळ दिसतच नाही. पायऱ्या उतरत जावे, तसतशी एकेक गच्ची आणि एकेक चौक उलगडत जातो. जगदीश स्वामिनाथन यांनी तेथील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात शहरी चित्रकारांच्या शेजारी आदिवासी कलावंतांना मांडले. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांची कला जगापुढे आली ती याच वास्तूतून. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांनी स्वतः येऊन आपापल्या रीतीची घरे बांधली. तेथे घर हीच मांडलेली वस्तू आहे. २०१३ साली उघडलेल्या जनजातीय संग्रहालयात आपल्या शेजारच्या बैगा आणि गोंड समाजांचे जीवन आहे. ज्या भोपाळचे नाव १९८४ च्या वायुदुर्घटनेमुळे जगभर गेले, त्याला या वास्तूंनी दुसरी ओळख दिली. शोक त्यामुळे पुसला गेला नाही, पुसला जाऊही नये. परंतु शहराला केवळ त्याच्या दुःखाने ओळखले जाऊ नये, एवढे काम या वास्तूंनी केले आहे.

परदेशात याहून मोठे चमत्कार झाल्याचे सांगतात. स्पेनमधील बिल्बाओ हे उतरती कळा लागलेले कारखान्यांचे शहर १९९७ मध्ये उघडलेल्या टायटॅनियमने मढविलेल्या संग्रहालयामुळे प्रवाशांनी गजबजले. आम्हांस मात्र जर्मनीतील एसेनचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. तेथील त्सोल्फराईन कोळसाखाण १९८६ मध्ये बंद पडली. तेथील लोकांनी शाफ्टवरचा लोखंडी मनोरा भंगारात घातला नाही. कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीतच त्यांनी संग्रहालय केले, आणि २००१ साली ती खाण जागतिक वारसा ठरली. ज्या मनोऱ्याखालून वर्षानुवर्षे कोळसा वर आला, तोच आज त्या शहराचे चिन्ह आहे.

आणि भरवेली? मुलांना ‘आमचे गाव’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, की ‘येथे मँगनीजची मोठी खाण आहे’ असे एक वाक्य लिहून पुष्कळांची लेखणी थांबते. दोष मुलांचा नाही. बोट दाखवून ‘हे आमचे’ असे म्हणण्याजोगे आपण त्यांच्यासाठी काही राखलेले नाही. १९५६ मध्ये प्रांत विभागला, तेव्हा बालाघाटची राजधानी भोपाळ झाली. मँगनीज कंपनीचे मुख्य कार्यालय आणि अजब बंगला नागपुरास राहिले. त्याच अजब बंगल्यात बालाघाट जिल्ह्याची एक ठेव आहे. १८७० साली गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला, आणि खणता खणता तांब्याची ४२४ हत्यारे व चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यांतील काही चांदीचे पत्रे शिंगे असलेल्या बैलाच्या मस्तकाच्या आकाराचे आहेत. त्या ठेवीचा काही भाग नागपुरात आहे, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये.

ते सारे परत मागावे असे आमचे म्हणणे नाही. तेथे ते जपले गेले, हेही थोडे नव्हे. परंतु तांबे निदान कोठेतरी उरले. मँगनीज उरत नाही. ते पोलादात मिसळून रुळांत आणि पुलांत नाहीसे होते. म्हणून खाणीच्या गावाला जपता येतात त्या तीनच गोष्टी : अवजारे, आठवणी आणि जागा. गोंड, पोवार, मराठी, छत्तीसगढी अशा ज्या हातांनी हे खनिज काढले, त्यांचे दिवे, टोप्या, घमेली, हजेरीची पुस्तके आणि वृद्धांच्या तोंडच्या हकिगती यांसाठी संगमरवरी प्रासाद नको. खाणीच्या जुन्या बांधकामांपैकी वापरातून गेलेले एखादे, त्याच्या भिंतींवरच्या काळ्या धुळीसह राखले, तरी पुरे. गुंगेरियाच्या हत्यारांच्या प्रतिकृती तेथे मांडाव्यात, म्हणजे या जिल्ह्यातील धातूची कथा साहेबाच्या खाणीपासून सुरू होत नाही, हे मुलांना कळेल.

खाण अजून चालू आहे. मनोरे उभे आहेत, आणि जुन्या पाळ्यांच्या गोष्टी सांगणारी माणसेही आहेत. एसेनच्या लोकांना खाण बंद पडल्यावर जाग आली. आपल्याला ती चालू असतानाच यावी, एवढेच आमचे मागणे आहे. अवजारे व हजेरीची पुस्तके घराघरांतून गोळा करण्यास आणि वृद्धांच्या हकिगती लिहून काढण्यास इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही.