घरच्या घरी संगीत नाटक : सुरुवात कुठून करावी?



मागे एकदा व्याख्यान आटोपल्यावर चहाच्या वेळी अणशीच्या एका बाईंनी मला विचारले, "आम्हाला नाट्यगीते आवडतात, पण अख्खे संगीत नाटक कधी पाहिलेले नाही. इथून जायचे म्हणजे घाट उतरून कारवार गाठा, नाहीतर गोवा. आणि तिथेही आमच्या सवडीने ते थोडेच लागणार? घरीच पाहायचे तर कशापासून सुरुवात करू?" त्या दिवशी मी दोन नावे सांगून वेळ निभावून नेली. आजचे व्याख्यान हे त्यांच्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. संगीत नाटक आपल्या भागाला परके नाही. 1842 च्या सुमारास आपल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला गेली. ते खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' रंगले. पुढे 1880 मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्करही बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमीच्या उगमाशी आपल्या बाजूचाही एक ओहोळ येऊन मिळालेला आहे.

या दोन टप्प्यांमधला फरक समजला, की नाटक कसे पाहावे हे निम्मे समजले. यक्षगानात भागवत गातो आणि पात्र नाचते, बोलते. भाव्यांच्या नाटकातही पदे म्हणायची ती सूत्रधाराने. किर्लोस्करांनी ती पदे पात्रांच्या तोंडी दिली. शकुंतला स्वतः गाऊ लागली, दुष्यंत स्वतः गाऊ लागला. तेव्हापासून संगीत नाटकातले पद म्हणजे कोणीतरी कोणाला तरी केलेले बोलणे झाले. विनवणी, टोमणा, कबुली, नकार, जे गद्यात मावत नाही ते सुरात आले.

आज आपल्या कानांवर पडते ते नेमके याच्या उलट. बैठकीत गायक पद घेतो, आलापी करतो, ताना घेतो. ऐकायला गोड वाटते, पण कोण कोणाशी बोलते आहे हे कळत नाही. 'सौभद्रा'त रात्र सरून पहाट होत आल्याचे कृष्ण रुक्मिणीला दाखवतो, ते पद घ्या. बैठकीत तो सकाळचा एक राग असतो. नाटकात तो बायकोला जवळ बोलावून बाहेर बघ म्हणणारा नवरा असतो. स्वर तेच, पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारे चित्र निराळे. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की सुरुवात सुट्या पदांपासून करू नका.

आता उपलब्ध काय आहे ते पाहू. त्याचे चार प्रकार पडतात. जुन्या तबकड्यांवरची पदे, नाट्यगीतांच्या मैफली, रंगमंचावरच्या पूर्ण प्रयोगाचे चित्रीकरण आणि नाटकावरून केलेला चित्रपट. यूट्यूबवर चारही एकाच नावाखाली सापडतात आणि नवखा माणूस गोंधळतो. ओळखायची साधी खूण म्हणजे लांबी. दोन-अडीच तासांच्या पुढचे असेल, पडदा, प्रवेश आणि गद्य संवाद असतील, तर ते नाटक. गायक बसून गात असेल तर ती मैफल.

माझा क्रम असा. पहिल्या रात्री 2015 चा 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट पाहावा. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, 1967 चे. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. चित्रपटाने कथेची मांडणी बदलली, नवी गाणी घातली, तेव्हा नाटक पाहिल्याचे समाधान त्यात मानू नये. पण नवख्याला तो सोपा जातो, कारण यातली माणसे गवई आहेत आणि त्यांचे भांडणच गाण्यावरून आहे. 'हे मध्येच का गातात?' हा प्रश्न घरातल्या मुलांना पडत नाही. चित्रपटात खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा आहे. तो ऐकून झाल्यावर आजोबांचे ध्वनिमुद्रण लावावे.

दुसरे नाटक विनोदी असावे : गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ'. आधी ते गद्य होते, 1916 मध्ये पदांसह रंगभूमीवर आले. मूळ कल्पना इंग्रजी नाटकावरून घेतलेली आणि त्याची मुळे मोलिएरपर्यंत जातात. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका हे जोडपे आपल्या शेजारचेच वाटते. एक तसबीर भलत्या हातात पडते आणि घरभर संशय पसरतो. गोष्ट पुढे काय होते या उत्सुकतेवर चालते, आणि पदे तिच्या ओघात येतात.

तिसरे 'संगीत सौभद्र', 1882 चे. सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी लावायचे बलरामाने ठरवले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे आणि कृष्ण हसत हसत सूत्रे हलवतो आहे. यक्षगान पाहिलेल्या घराला ही माणसे नवी नाहीत. चालीही साक्या-दिंड्यांच्या, कीर्तनाच्या ओळखीच्या. निरनिराळ्या मंडळ्यांनी केलेली चित्रीकरणे मिळतात. गायकाच्या नावापेक्षा शब्द स्वच्छ ऐकू येतात का, हे पाहून त्यांतले निवडा.

यानंतरच खाडिलकरांच्या 'मानापमान' (1911) आणि 'स्वयंवर' (1916) यांच्याकडे वळावे. इथे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींमुळे गाणे रागदारीत खोल शिरते. इथेच बालगंधर्वांच्या तबकड्या काढाव्यात. मात्र तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचीच जागा असे. रंगमंचावर 'वन्समोअर' घेत रात्रभर फुलणारे गाणे त्यात कोंबावे लागले. तबकडी म्हणजे त्या गाण्याचा नमुना. प्रवेश माहीत असेल तर तो पुरतो, नसेल तर कोरडा लागतो.

आणि काही गोष्टींचा तर नमुनाही उरलेला नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीवरची ही बहुधा सर्वांत गाजलेली रात्र, पण तिचे ध्वनिमुद्रण नाही. त्याच वर्षी केशवराव गेले. जे टिपले गेले नाही ते फक्त आठवणींत राहिले, हे लक्षात ठेवून जे टिपले गेले आहे त्याकडे पाहावे.

पडद्यावर नाटक पाहणे ही कमअस्सल गोष्ट आहे का? मला तसे वाटत नाही. मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' हा 1791 चा ऑपेरा आपल्या संगीत नाटकासारखाच मधून मधून गद्य बोलतो. स्वीडनच्या इंगमार बर्गमन यांनी 1975 मध्ये दूरचित्रवाणीसाठी तो स्वीडिश भाषेत चित्रित केला. सुरुवातीचे संगीत चालू असताना त्यांचा कॅमेरा प्रेक्षकांचे चेहरे दाखवत राहतो. घरी बसलेल्या माणसालाही आपण सभागृहात आहोत असे वाटावे, ही त्यामागची दृष्टी. आपल्याकडच्या चित्रीकरणातही टाळ्या, 'वन्समोअर', मध्यंतराची घंटा राखलेली असेल तर ते पसंत करा.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. एकट्याने पाहू नका. घरातल्या जाणत्याने आधी पाच मिनिटांत गोष्ट सांगावी, कथा फुटली म्हणून या नाटकांचे काही बिघडत नाही. एका रात्री एकच अंक पुरे. मोबाइलच्या बारीक आवाजात ऑर्गनचे भरलेले सूर आणि डग्ग्याचे घुमणे हरवते, तेव्हा साधा का होईना, स्पीकर जोडा. पावसात वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो, म्हणून उन्हाळ्यातच दोन नाटके उतरवून ठेवा. आणि पद संपले की थांबवून मुलांना विचारा, "हे कोण कोणाला म्हणाले?" उत्तर आले, की नाटक पोहोचले.

कारवार-गोव्याच्या पट्ट्यात जत्रेला रात्रभर मराठी नाटक करण्याची रीत आहे. ती टिकायची तर गाणारा हवा, तसा समोर बसून समजणारा प्रेक्षकही हवा. गळा सर्वांना मिळत नाही. पण प्रेक्षक घरीच तयार होऊ शकतो, अणशीच्या घरातसुद्धा. त्या बाईंनी आजही मला चहाच्या वेळी गाठावे. या वेळी, कुठले नाटक पाहून झाले, हे मी त्यांना विचारीन.