जुने संगीत-बोलपट घरीं पाहतांना

हॉलिवुडचे जुने कृष्णधवल संगीत-बोलपट हल्लीं तबकड्यांच्या रूपानें घरीं संग्रहीं ठेवतां येतात. परंतु चित्रपट जवळ असणें निराळें आणि तो यथार्थ पाहणें निराळें.

१९२७ सालीं ‘दि जॅझ सिंगर’ पडद्यावर गाऊं लागला. १९२९ च्या ‘दि ब्रॉडवे मेलडी’नें ऑस्कर पारितोषिक मिळविलें. १९३३ च्या ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’मध्यें बझ्बी बर्कली यानें कॅमेरा उंच चढवून नर्तिकांच्या समूहांतून भूमितीच्या आकृति फुलविल्या. फ्रेड अस्टेअरची रीत याच्या उलट. १९३५ च्या ‘टॉप हॅट’मध्यें तो जिंजर रॉजर्ससह नाचतो, तेव्हां मस्तकापासून पावलांपर्यंत सर्व देह चौकटींत दिसतो. नृत्य असेंच अखंड दाखवावें, हा त्याचा आग्रह असे. कारण नर्तकाची खरी वाणी त्याच्या पावलांत असते.

येथेंच घरचा पडदा आड येतो. त्या बोलपटांची चौकट उंचीच्या सुमारें १.३७ पट रुंद. आजच्या दूरचित्रवाणी संचाची सुमारें १.७८ पट. पडदा भरावा म्हणून चित्र वाढविलें, तर उंचीचा जवळजवळ चतुर्थांश कापला जातो व पावलें नाहींशीं होतात. आडवें ताणलें, तर सडपातळ अस्टेअर स्थूल दिसतो.

म्हणून संचावर मूळ प्रमाणच कायम ठेवावें. दोहों बाजूंस काळे पट्टे राहतील. ती उणीव मानूं नये. ज्या पावलांसाठीं चित्रपट घरीं आणला, तीं त्या पट्ट्यांमुळेंच शाबूत राहतात.