चाल

रविवारी सकाळी खामगावात आम्ही पाच-सहा जण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘मूकनायक’ वाचायला बसतो. १९०१ चं नाटक, किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलेलं. कोल्हटकरांनी खामगावात आणि जळगाव जामोदला वकिली केली, तेव्हा माणूस घरचाच. पण घरच्या माणसाचं बोलणं कळायला शब्दकोश घेऊन बसावं लागतं, ही गंमत.

नांदी, स्वगत, भरतवाक्य हे चटकन उरकलं. अडतो ते कोट्यांपाशी. एका शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगेपर्यंत हसू पार सुकून जातं. मग ठरवलं, आधी मोठ्यानं वाचायचं, अर्थ मागून.

पद्यांसाठी मात्र पाटी-पेन्सिलच हवी. किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’त कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आणल्या, कोल्हटकरांनी ती वाट सोडून पारशी रंगभूमीच्या चाली उचलल्या. काय सोडलं ते कळावं म्हणून आम्ही दिंडी रचायला घेतली. ओळीत एकोणीस मात्रा, नवावर थांबा, पुढे दहा. गटातल्या एका पोरीनं लिहिलं: ‘उशिरा आली पुन्हा तीच एस्टी’. बोटांवर मोजलं, तर पहिल्या तुकड्यात आठच. ‘शि’ दीर्घ केली, ‘उशीरा’, की नऊ. शुद्धलेखनाचे मार्क गेले, दिंडी उभी राहिली. ‘पुन्हा’तल्या ‘पु’वर मात्र वाद पेटला. पुढे जोडाक्षर आहे, मग दोन मात्रा धरायच्या ना? म्हटलं, म्हणून बघ, ‘पु’वर आघात येतो का? दोनदा म्हणून ती म्हणाली, “नाही येत जी.” म्हणजे एकच. दहा भरल्या.

संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते, म्हणजे ज्या गाण्यावर पद बेतलं त्याचे पहिले दोन-चार शब्द. तेव्हा प्रेक्षकांना तेवढी खूण पुरे. आज ते मूळ गाणंच कुणाच्या कानात नाही. नाटकाचा नायक मुका असल्याचं सोंग करतो. पदं मात्र खरीच मुकी झालीत.

आमच्यातले एक भजनी बुवा हार मानत नाहीत. गेल्या रविवारी त्यांनी एक पद सरळ भजनाच्या चालीवर धरलं. दोन ओळी झकास बसल्या. तिसरीत शेवटचा शब्द ठेक्याबाहेर लोंबकळत राहिला. बुवांनी मांडीवरचा हात तसाच ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पुन्हा घेऊ.”