दोन हजारांचे दहा कोटी का होत नाहीत?

एटीएममध्ये कार्ड घातले, पिन दाबला, आत नोटा मोजल्याची घरघरही ऐकू आली. पण नोटा बाहेर आल्याच नाहीत आणि मोबाइलवर मात्र खात्यातून दोन हजार रुपये गेल्याचा संदेश येऊन धडकला. हा प्रसंग अनेकांच्या वाट्याला येतो आणि राग निघतो तो यंत्रावर. यंत्र मात्र स्वतःहून काहीच ठरवत नाही. पैसे द्यायचे की नाही, हे दूर कुठेतरी बसवलेल्या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम एकमेकांना विचारून ठरवतात. त्यांची ही बातचीत निव्वळ आकड्यांत चालते. ते आकडे एका टोकाला कसे बांधले जातात आणि दुसऱ्या टोकाला कसे उलगडले जातात, यावर आपला पैसा सुरक्षित राहणे अवलंबून असते.

समजा, बिदरहून उदगीरच्या बाजारात आलेल्या ग्राहकाने एका बँकेच्या एटीएममध्ये दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरले. एटीएम आपली विचारणा आधी स्वतःच्या बँकेच्या ‘स्विच’कडे, म्हणजे व्यवहारांना वाट दाखवणाऱ्या सर्व्हरकडे पाठवते. तिथून ती ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’कडे जाते. बँकांना जोडणारे हे जाळे हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने २००४ मध्ये सुरू केले आणि डिसेंबर २००९ पासून ते ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’कडे आहे. हे जाळे विचारणा कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचवते. ती बँक खाते तपासते आणि उत्तर त्याच वाटेने उदगीरला परत येते. एवढा सगळा प्रवास काही सेकंदांत होतो.

रुमालाखालचा सौदा

देवणी गायबैलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातील वाचकांना जनावरांच्या बाजारातील एक जुनी रीत ठाऊक असेल. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. तोंडातून शब्द निघत नाही. चार बोटे म्हणजे चार हजार की चाळीस हजार, हे दोघांनाही आधी माहीत असावे लागते. ती समजूत एकसारखी नसेल, तर बोटे तीच राहतात आणि सौदा फिसकटतो.

सर्व्हरांचेही असेच आहे. तारेतून जातात ते फक्त शून्य आणि एक. असा एक शून्य किंवा एक म्हणजे ‘बिट’ आणि आठ बिट मिळून एक ‘बाइट’. त्यांचा अर्थ त्यांच्या अंगावर लिहिलेला नसतो. तो आधीच ठरलेल्या करारात असतो. कार्डाच्या व्यवहारांसाठी असा करार म्हणजे ‘आयएसओ ८५८३’ हे आंतरराष्ट्रीय मानक. त्याची पहिली आवृत्ती १९८७ मधील. आज यूपीआयचे संदेश अक्षरांत वाचता येतील अशा वेगळ्या पद्धतीने बांधले जातात; पण एटीएम आणि कार्डांच्या दुनियेत या जुन्या भाषेचेच राज्य आहे.

या संदेशाच्या सुरुवातीला चार अंक असतात. ०२०० म्हणजे ‘पैशांच्या व्यवहाराची विचारणा’, ०२१० म्हणजे ‘त्या विचारणेचे उत्तर’, ०४२० म्हणजे ‘आधीचा व्यवहार उलटवा’ आणि ०८०० म्हणजे ‘जोडणी ठीक आहे ना?’ अशी चौकशी. एवढ्या चार अंकांतून समोरच्या प्रोग्रॅमला पुढे काय वाचायचे याचा अंदाज येतो.

चौसष्ट जणांची हजेरी

त्यानंतर येतो या भाषेचा सर्वांत हुशार भाग. संदेशात कोणती माहिती असू शकते, याचे रकाने क्रमांकाने ठरलेले आहेत. दुसऱ्या रकान्यात कार्डाचा क्रमांक, तिसऱ्यात व्यवहाराचा प्रकार, चौथ्यात रक्कम, सातव्यात पाठवल्याची तारीख व वेळ, एकोणचाळिसाव्यात उत्तराचा संकेत. प्रत्येक संदेशात सगळे रकाने लागत नाहीत. मग कोणते आहेत आणि कोणते नाहीत, हे कसे सांगायचे? शाळेत मास्तर घेतात तशी हजेरी घेऊन. चौसष्ट रकान्यांसाठी चौसष्ट बिट. हजर असेल तर एक, गैरहजर असेल तर शून्य. ही सगळी हजेरी अवघ्या आठ बाइटांत मावते.

उदाहरणार्थ, पहिल्या आठ रकान्यांपैकी दुसरा, तिसरा, चौथा आणि सातवा हजर असेल, तर हजेरी होते ०१११००१०. आपल्या नेहमीच्या मोजणीत हा आकडा ११४. एका बाइटात चार जणांची हजेरी आणि चार जणांची गैरहजेरी लागली.

रक्कम लिहिण्याची रीतही ठरलेली आहे. बारा अंक, तेही पैशांत, मध्ये दशांशचिन्ह नाही. दोन हजार रुपये म्हणजे दोन लाख पैसे, म्हणून ०००००० २०००००. त्याआधी तिसऱ्या रकान्यात सहा अंक असतात. पैसे काढण्यासाठी ते ०१०००० असे असतात.

आता हजेरीतला एकच बिट चुकला असे समजू. तिसरा रकाना हजर असूनही गैरहजर नोंदला गेला आणि ११४ ऐवजी ८२ झाले. वाचणारा प्रोग्रॅम तिसरा रकाना नाहीच असे मानून पुढचे बारा अंक रक्कम म्हणून उचलतो. त्यात आधीचे सहा अंक येतात आणि रक्कम वाचली जाते ०१०००० ००००००. म्हणजे एक हजार कोटी पैसे, अर्थात दहा कोटी रुपये! आकडे बदलले नाहीत, फक्त वाचायला सुरुवात करण्याची जागा सहा घरे सरकली.

प्रत्यक्षात असे पैसे निघत नाहीत, कारण वाटेत अनेक तपासण्या असतात. प्रत्येक संदेशाच्या पुढे त्याची लांबी लिहिलेली असते. ती बहुधा दोन बाइटांत असते आणि तिचाही क्रम ठरलेला असतो. ३०० ही लांबी १ आणि ४४ अशा दोन बाइटांत लिहितात, कारण १ गुणिले २५६ अधिक ४४ म्हणजे ३००. हेच उलट क्रमाने वाचले तर ११,२६५ होतात आणि प्रोग्रॅम न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत बसतो. लांबी जुळली नाही, रकान्यात नको ते चिन्ह आले, रक्कम मर्यादेबाहेर गेली, तर संदेश नाकारायचा, हा चांगल्या प्रोग्रॅमचा पहिला धर्म. शंका आली तर अंदाज बांधायचा नाही.

उत्तर वाटेत हरवले तर?

पैसे कापले जाऊन नोटा न येण्यामागे बहुतेकदा वाचनातील चूक नसते. बँकेने खाते तपासून रक्कम वजा केली, उत्तराच्या रकान्यात ०० म्हणजे ‘मंजूर’ असे लिहून पाठवले आणि नेमकी तेव्हा जोडणी तुटली. किंवा उत्तर पोहोचले, पण यंत्रात नोटा अडकल्या. दोन्ही वेळा बँकेच्या वहीत पैसे गेले आणि ग्राहकाच्या हातात आले नाहीत.

यासाठी ०४२० हा संदेश आहे. मूळ व्यवहाराची ओळख त्यात लिहिलेली असते. बँकेचे उत्तर आले नाही, तर तो पुन्हा पाठवला जातो. मात्र दोनदा पोहोचला म्हणून रक्कम दोनदा जमा होता कामा नये. म्हणून बँकेचा प्रोग्रॅम ती ओळख पाहून ‘हे काम झालेले आहे’ एवढेच कळवतो. हा संदेशही पोहोचला नाही, तर नंतर बँकांच्या नोंदी आणि यंत्रातील शिल्लक रोकड यांची ताळमेळ लावताना फरक उघडा पडतो.

उत्तर देणाराच खोटा निघाला तर?

संदेश नीट बांधलेला, नीट वाचलेला आणि तरीही घातक असू शकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्याने हे दाखवून दिले. हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचला बगल देणारे बनावट स्विच उभे केले. बनावट कार्डांवरून येणाऱ्या विचारणा बँकेच्या खात्यांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. बनावट स्विचच त्यांना ‘मंजूर’ म्हणून उत्तर देत राहिले. २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. त्यानंतर परदेशी पाठवलेल्या रकमेसह एकूण चोरी सुमारे ९४ कोटींची झाली. जगभरच्या एटीएमना आलेले उत्तर भाषेच्या दृष्टीने बिनचूक होते. ते देणारा खरा आहे का, हे मात्र त्यातून कळत नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने अशाच धर्तीच्या चोऱ्यांबाबत इशारा दिला. उत्तरावरील मोहर तपासा, असे त्यात बँकांना बजावले होते. ही मोहर म्हणजे संदेशातील आकडे आणि गुप्त किल्ली यांच्या गणितातून निघालेला छोटा आकडा. किल्ली नसलेल्याला तो काढता येत नाही आणि संदेशातील एक अंक बदलला तरी तो जुळत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे तिची नक्कल करणे फार अवघड जाते.

ग्राहकाने काय करावे?

पैसे कापले गेले पण मिळाले नाहीत, तर तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करावी. एटीएम दुसऱ्या बँकेचे असले तरीही. पावती मिळाली असेल तर जपून ठेवावी. तिच्यावरील व्यवहार क्रमांकावरून बँकेला लाखो संदेशांतून आपला नेमका संदेश शोधता येतो. पावती नसेल तर मोबाइलवर आलेला संदेश, वेळ आणि एटीएमचे ठिकाण लिहून ठेवावे.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने स्वतःहून परत जमा करायची आहे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते आणि तीही ग्राहकाने न मागता. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सर्व्हरांच्या भाषेत जसा व्यवहार उलटवण्याचा संदेश आहे, तसाच माणसांच्या कायद्यातही तो आहे. त्याची मुदत मोजायला ग्राहकाने व्यवहाराच्या दिवसापासूनच सुरुवात करावी.